मापाचा शेर, वजनाचा शेर

फार पूर्वी एका राज्यात शेर नावाची दोन मापं सुखानं नांदत होती, तेव्हाची ही गोष्ट.

एक शेर भांड्याचा. पितळेचं गोल भांडं, त्यात धान्य ओतायचं, वर टोक येईपर्यंत शीग भरायची, झाला एक शेर. दुसरा शेर तराजूचा. लोखंडाचा ठोकळा एका पारड्यात, जिन्नस दुसऱ्या पारड्यात, काटा मधोमध आला की झाला एक शेर. नाव तेवढं सारखं. एका गावात एकाच नावाचे दोन गृहस्थ असावेत, तसे हे दोन शेर. एकाच्या घरी लग्न निघालं म्हणून वऱ्हाड काही दुसऱ्याच्या दारात जाऊन बसत नाही. तांदूळ, डाळ, मीठ, पीठ हे भांड्याच्या शेरानं घ्यायचं. गूळ, हळद, सुपारी तराजूच्या शेरानं. बाजाराला निघालेल्या पोरालाही कुठला शेर कुठे, हे सांगावं लागत नसे.

गोंधळ घातला तो दरबारानं, आणि तो निस्तरला भुकेल्या माणसांनी. कसा, ते ऐका.

लागोपाठ दोन वर्षं पावसानं त्या राज्याकडे पाठ फिरवली. राजानं डोंगराच्या पायथ्याशी मोठं तळं खोदायला काढलं. जो माती खणेल, जी पाटी वाहील, त्यांना दुपारी पोटभर जेवण. राजाच्या तोंडचा शब्द होता तो, "पोटभर". नीट ऐकून ठेवा, कारण पुढे दरबारात तो कुणाच्याच लक्षात राहिला नाही.

तळ्याच्या बांधाशेजारी छप्पर पडलं, चुली मांडल्या गेल्या आणि अन्नछत्र सुरू झालं. तिथली आचारीण भागाक्का. तिचं पाळण्यातलं नाव वेगळंच होतं, पण ते लोक विसरले होते. असेल त्यात भागवणारी म्हणून भागाक्का. हाडापेरानं रुंद, आवाजानं खणखणीत, आणि पळी हातात असल्याशिवाय तिला बोलताच यायचं नाही. तिचा एकच तोरा होता. ती म्हणायची, "माझ्या पंगतीतून कुणी उपाशी उठलेलं दाखवा, मी पळी खाली ठेवीन."

सकाळी कोठावळा, म्हणजे धान्याच्या कोठाराचा रखवालदार, भांड्यानं तांदूळ मोजून द्यायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, अशी रीत. "लाभ... दोन... तीन..." अशी त्याची सुरावट लागली की भागाक्का चुलीत लाकडं सारायची. दुपारी रांगाच्या रांगा बसायच्या. भात, आमटी, मिठाचा खडा आणि कधी हिरवी मिरची. माणसं जेवायची, ढेकर द्यायची आणि पुन्हा कुदळी उचलायची.

एवढ्यात राजानं नवा हुकूम काढला. राज्यातली भांडी सारखी नव्हती. कुणाचं बुडाशी चेपलेलं, कुणाचं काठाला झिजलेलं. एका गावचा शेर दुसऱ्या गावात तोकडा पडायचा आणि त्यावरून माणसं हमरीतुमरीवर यायची. राजा म्हणाला, "आजपासून सगळं तराजूनं." हुकूम चांगला होता. तराजू कुणाचं तोंड बघून झुकत नाही. फक्त त्याआधी एक काम करायला हवं होतं. भांडंभर तांदूळ तराजूत किती भरतो, भांडंभर डाळ किती, भांडंभर मीठ किती, हे एकेक जिन्नस तोलून बघायला हवं होतं. एका दुपारचं काम. ते राजानं दिवाणाला सांगितलं.

दिवाण तेव्हा जेवायला बसायच्या तयारीत होता. समोर परातीत भाकरीचं पीठ होतं. म्हटलं, चला, एवढ्यात उरकून घेऊ. त्यानं भांडंभर पीठ घेतलं, तराजूत घातलं, दुसरीकडे एक शेराचा ठोकळा ठेवला. काटा बरोबर मधोमध उभा!

"झालं," दिवाण म्हणाला. "भांड्याचा शेर तोच तराजूचा शेर. नाव सारखं आहे ते उगीच का?"

त्याची बायको पाट मांडत होती. ती म्हणाली, "अहो, पीठ हलकं असतं. तांदूळ तोलून बघा की. डाळ बघा, मीठ बघा."

"शेर म्हणजे शेर. त्यात पिठाचा काय नि तांदळाचा काय! ताक वाढ."

ताक वाढलं गेलं आणि हुकूम सुटला. जिथे भांड्याचा एक शेर द्यायचा, तिथे तराजूचा एक शेर द्या. आता खरं काय होतं? भांडंभर तांदूळ तराजूत चांगला दीड शेर भरायचा. डाळीचं तसंच. खडेमीठ तर दोन शेरांच्या घरात जायचं. म्हणजे ज्या हंड्यात काल तीन मुठी पडत होत्या, त्यात आज दोन पडणार. पण दिवाणाचं पोट भरलं होतं, त्याला काय पडली होती?

दुसऱ्या दिवशी भागाक्का तांदूळ धुवायला बसली, तर शेवटच्या रोवळ्या रिकाम्याच राहिल्या. ती तरातरा कोठाराकडे गेली.

"काय हो कोठावळे, तांदूळ उंदरांनी नेला की तुम्ही?"

"जीभ आवर आक्का. ठरलेले शेर मोजून दिलेत. एकही कमी नाही."

"कुठल्या शेरानं?"

"आता शेर एकच. तराजूचा."

"अहो, पण भांड्याचा शेर मोठा असतो!"

"शेर कधी लहानमोठा असतो का? शेर म्हणजे शेर, असं वरून आलंय." मग इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "मला काय डोळे नाहीत? पोती कशी उरतायत ते दिसतंय की. पण मी काटा धरणारा माणूस. माझ्या तोंडाला कोण विचारतं?"

भागाक्का तिथेच उभी राहिली. राजवाडा फार लांब नव्हता. पळी खाली ठेवून ती तडक जाऊ शकली असती. पण बांधावरून माणसं यायची वेळ होत आली होती. आज जेवण कमी पडलं, तर लोक म्हणणार, भागाक्काच्या पंगतीत कमी पडलं. दिवाणाचं नाव कोण घेणार? ते तिला सोसवेना. ती मनाशी म्हणाली, भागवू की. इतकी वर्षं काय केलं?

आणि तिनं भागवलं. भातात पाणी जास्त घातलं, तो फुगून आसट झाला, पानात डोंगरासारखा दिसायला लागला. आमटीत डाळ कमी आणि वर पिठाचं लावण. पळीला घट्ट लागेल, पोटाला लागणार नाही. मिठाची उणीव झाकायला चिंच सढळ हातानं कोळली. मिरची वाढवली, म्हणजे माणसं पाणी पितील. जेवण चुलीवरून उतरवून तसंच कढत वाढलं, म्हणजे घास सावकाश जातील. त्या दुपारी एकही पान रिकामं राहिलं नाही. भागाक्कानं घाम पुसला आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

संध्याकाळी दिवाण पालखीतून आला. त्याला थोडी धाकधूक होती. बायकोचे शब्द कुठेतरी टोचत होते. त्यानं विचारलं, "काय आक्का, नव्या हुकमानं काही कमी पडलं का?"

हीच वेळ होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण सगळ्यांसमोर कमी पडलं म्हणायचं? भागाक्का ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "भागलं."

दिवाणाचा जीव भांड्यात पडला. त्यानं दरबारात सांगितलं, "महाराज, भांड्याच्या काळात धान्य नुसतं उधळलं जात होतं. आता तेवढ्याच माणसांचं भागतं आणि कोठारात पोती उरतात." राजा खूश झाला. त्यानं दिवाणाच्या खांद्यावर जरीचा शेला घातला. त्या शेल्यात कुणाच्या तोंडचा घास विणला होता, हे दरबारात एकानंही विचारलं नाही. शेल्याकडे बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात दिवाण म्हणाला, "भागतंय ना? मग डाळ अजून जरा कमी करून बघू." तीही कमी झाली. भागाक्कानं तीही भागवली. बघा ही गंमत! ती जेवढी राबत होती, तेवढा दिवाण खरा ठरत होता.

मधेच नागपंचमी आली. त्या सणाला राजाकडून कामावरच्या पोराबाळांना लाह्या वाटायची पद्धत होती. कोठावळ्यानं हुकमाप्रमाणे तराजू काढला. पारड्यात लाह्या टाकतोय, टाकतोय, ठोकळा काही हलेना. एका शेराला पोतं लागलं! लाह्यांचे ढीग झाले, वाऱ्यानं उडाले, पोरांनी एकमेकांच्या डोक्यावर उधळले. बांधावर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोठावळा घाबरून दिवाणाकडे पळाला. "साहेब, लाह्यांचं कोठार बुडतंय!"

दिवाणाला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. भांडं वेगळं, तराजू वेगळा, जिन्नस बदलला की वजन बदलतं. बायको म्हणाली तेच. आता सांगा, कळल्यावर त्यानं काय करावं? तो म्हणाला, "लाह्यांना तराजू लावू नका. लाह्या भांड्यानंच द्या."

"आणि तांदूळ, साहेब?"

"तांदळाचं मी काही बोललो का?"

चूक दरबाराच्या अंगावर आली तेव्हा ती एका शब्दात दुरुस्त झाली. लोकांच्या पोटावर आलेली चूक मात्र हुकूम म्हणून शिल्लक राहिली.

बांधावरचं हसू फार दिवस टिकलं नाही. उन्हात घाम गाळायचा, पोटात अपुरा भात आणि अळणी आमटी. माणसांच्या पायात गोळे यायला लागले. कुदळ उचलली की डोळ्यांपुढे अंधारी. सगुणा नावाची एक पाटीवाली होती. तिचा नवरा बांधावर दगड चढवायचा. एका दुपारी तो दगडासकट कोसळला आणि दगड पायावर आला. मुकादम धावत आला, पण उचलायला नाही. तो म्हणाला, "पोटभर जेवतात आणि वर चक्कर येते म्हणे! कामचुकार आहे. उद्यापासून याला कामावरून काढा." काम गेलं की जेवण गेलं. आता सगुणा स्वतःच्या पानातलं निम्मं पदराखाली झाकून घरी न्यायची.

भागाक्कानं ते बघितलं आणि हाक मारली, "सगुणे, ये अशी. पळीभर जास्त वाढते तुला."

सगुणा वळली. "कुठून वाढशील? दुसऱ्याच्या आमटीत अजून पाणी ओतून?"

"असं काय बोलतेस गं? मी होते म्हणून पंगत निभावली. दुसरी असती तर निम्मे लोक उपाशी बसले असते!"

"बसले असते तर बरं झालं असतं. उपाशी माणसानं ओरडलेलं राजवाड्यात ऐकू तरी जातं. आता आम्ही उपाशी असून जेवलेले दिसतो. माझा घरधनी पडला, तर मुकादम म्हणतो पोटभर जेवून पडला! कुणामुळे म्हणतो तो तसं?"

"मी काय तांदूळ चोरला?"

"नाही चोरलास. ज्यानं चोरला त्याची चोरी तू चविष्ट केलीस. एक कर आक्का. जे आम्हाला वाढतेस तेच तेवढंच खा, आणि एक दुपार माझी पाटी वाह."

भागाक्का हट्टी होती. "वाहते की," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती पंगतीत बसली. स्वतःच्या हातचा तो फुगलेला भात तिनं पहिल्यांदाच जेवण म्हणून खाल्ला. एरवी ती चव घ्यायची, पोट भरायला नाही. मग पाटी डोक्यावर घेतली. पहिली खेप गेली. दुसऱ्या खेपेला पोटात भाताऐवजी नुसतं पाणी डचमळतंय असं वाटलं. पुढच्या खेपेला पिंढरीत असा गोळा आला की ती बांधावर मटकन बसली. सगुणानं काही टोमणा मारला नाही. तिनं पाटी आपल्या डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. टोमणा मारला असता तर भागाक्काला सोसला असता.

थोड्याच दिवसांत वर्दी आली. राजा तळं बघायला येणार, पंगतीत फिरणार आणि बांधावरच, सगळ्यांसमोर, दिवाणाला आणखी एक मान देणार. त्या दिवशी सकाळीच कोठावळा भागाक्काकडे धावत आला.

"आक्का, आज झकास भागव बरं का. राजा यायचाय."

"आज नाही भागवायची मी."

"अगं बाई! भागवायचं नसेल तर उद्या नको भागवूस. आजचा दिवस जाऊ दे. कमी पडलं तर तुझीच मान जाईल."

"आज राजा बघणार आहे, म्हणून तर आज. उद्या बघायला कोण येतंय? आणि तुम्हीही नीट बघा. तुमच्या तोंडाला कुणी विचारत नाही ना? आज विचारतील."

तिनं तांदूळ धुतला आणि बेताचं पाणी घालून मोकळा भात केला. डाळ घोटली, पिठाला हात लावला नाही. मीठ हवं तेवढं घातलं. आणि राजा, दिवाण, मानकरी पंगतीपाशी आले तशी पळी भरभरून वाढायला घेतली. पहिल्या रांगेतला एक म्हातारा घास तोंडात घालून थांबलाच. "आक्का, आज कसला सण?" माणसं मान खाली घालून जेवत राहिली. आणि मग, अजून कितीतरी रांगा बाकी असताना, पळी हंड्याच्या बुडावर खणकन वाजली.

भागाक्कानं हंडा आडवा केला. राजाकडे तोंड करून म्हणाली, "संपलं."

मागच्या रांगांत रिकाम्या पत्रावळी वाऱ्यानं हलत होत्या. त्यातल्याच एकीपुढे सगुणा बसली होती. राजानं इकडून तिकडे बघितलं. "हे काय? पोटभर जेवण द्यायचं ठरलं होतं ना?"

दिवाण पुढे सरसावला. "महाराज, ही चोर आहे! काल भागत होतं, परवा भागत होतं. मी हिला माझ्या तोंडानं विचारलंय. विचारा हिलाच, भागलं असं ती म्हणाली की नाही?"

"म्हणाले," भागाक्का म्हणाली. "पण ते भागत नव्हतं, महाराज. मी भागवत होते. पाणी घालून, पीठ लावून, चिंच पिळून. माझं नाव जाऊ नये म्हणून मी खोटं बोलले. यांच्या हुकमानं भांड्याच्या जागी तराजू आला आणि तांदूळ घटला."

"खोटं! शेर म्हणजे शेर. आत्ता दाखवतो." दिवाणानं आमटीला लावायचं पीठ मागवलं. भांडंभर पीठ एका पारड्यात, शेराचा ठोकळा दुसऱ्यात. काटा मधोमध. दिवाणानं हात पसरले. "बघा!"

राजानं वाकून बघितलं. "आचारीणबाई, तराजू तर यांच्या बाजूनं बोलतोय."

शिपायाची सावली भागाक्काच्या पायापाशी आली. इतके दिवस सगळं भागवून दाखवणाऱ्या बाईवर आज कोण विश्वास ठेवणार? पीठ हलकं असतं, एवढे साधे शब्द तिला फुटेनात.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सगुणाचा आवाज आला. "सरकार, शेर म्हणजे शेर असेल, तर नागपंचमीला लाह्या भांड्यानं का वाटल्या?"

राजा वळला. "कसल्या लाह्या?"

"विचारा तुमच्या दिवाणाला. पोरंसुद्धा सांगतील. आधी तराजूनं ढिगानं दिल्या, आणि कोठार रिकामं व्हायला लागल्यावर एका दिवसात भांडं परत आलं. लाह्यांना भांडं आणि आम्हाला तराजू, हा कुठला न्याय?"

दिवाण म्हणाला, "अडाणी बाई आहे, महाराज."

"कोठावळे," राजा म्हणाला, "हा हुकूम कुणाचा?"

कोठावळ्यानं दिवाणाकडे बघितलं, मग भागाक्काकडे. आणि तो बोलला. "दिवाणसाहेबांचा. मी तांदळाचंही विचारलं होतं. ते म्हणाले, तांदळाचं मी काही बोललो का?"

"तांदूळ आणा."

भांडंभर तांदूळ पारड्यात पडला आणि ते पारडं धप्पकन खाली गेलं. ठोकळा वर लटकत राहिला. दीड शेर. डाळ आणली. तीही खाली. मीठ आणलं, तेव्हा तर आणखी एक ठोकळा पूर्ण लागला. जेवणारे लोक घास हातात धरून बघत होते.

राजाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. लाह्या जास्त जाताना चूक दिसली. तांदूळ कमी जाताना दिसली नाही?"

"बचत होत होती, महाराज," दिवाण पुटपुटला.

"कुणाच्या पोटातून?"

"आणि शेला कुणी दिला, सरकार?" सगुणानं मागूनच विचारलं. "पोती उरली म्हणून सांगितलं, तेव्हा ती कशी उरली हे तुम्हीही विचारलं नाहीत."

मानकरी दचकले. शिपायानं तिच्याकडे पाऊल टाकलं. राजानं हात वर करून त्याला थांबवलं. तो त्या रिकाम्या पत्रावळींपाशी चालत गेला. आणि म्हणाला, "नाही विचारलं. खरं आहे."

मग जे व्हायला हवं ते झालं. दिवाणाचा शेला उतरला आणि त्याबरोबर त्याचं दिवाणपदही गेलं. कोठाराची दारं उघडली. कामावरून काढलेल्या सगळ्यांना परत बोलावून घेतलं. एकेक जिन्नस तोलून, भांडंभर म्हणजे तराजूत किती, हे ठरवायला खरोखरच एक दुपार पुरली. एवढ्या एका दुपारच्या आळसानं बांधावरची माणसं महिनोन्‌महिने अर्धपोटी राबली होती! आणि सगुणाच्या नवऱ्याचा पाय काही पुन्हा सरळ झाला नाही. तो कुठल्या तराजूत घालणार?

राजानं भागाक्काला शेला देऊ केला. ती दोन पावलं मागे सरली.

"मला नको, महाराज. त्यांचं खोटं इतके दिवस मीच वाढत होते. मान द्यायचाच तर मागच्या रांगेला जेवण द्या. अजून पत्रावळी रिकाम्या आहेत."

नवा तांदूळ शिजेपर्यंत राजा तिथेच मातीत बसून राहिला. जेवलेल्या रांगाही उठल्या नाहीत. भात उतरला तेव्हा भागाक्कानं पहिली पळी सगुणाच्या पानात घातली. सगुणानं भात चाचपून बघितला, मोकळा होता. मग ती जेवली. पण भागाक्काशी ती पुढे बरेच दिवस बोलली नाही, आणि भागाक्कानंही तिला बोलायला लावलं नाही.

तळं पुरं झालं, पाऊस आला, नवे दिवाण आले, अन्नछत्र मात्र चालूच राहिलं. नवा म्हणून कुणी शहाणाच असतो असं नाही. एकदा अन्नछत्राकडे आलेल्या गाडीत पोती पुन्हा कमी भरली. बरोबरचा माणूस म्हणाला, "आजच्यापुरतं सांभाळून घे, आक्का." तिनं गाडीचे बैल उलट्या दिशेला वळवले आणि चूल पेटवलीच नाही. दुपारी डोंगराच्या पायथ्याशी धूर दिसला नाही, म्हणून राजवाड्याच्या गच्चीवरून राजानं विचारलं, "आज तिकडे काय झालं?" ऊन उतरायच्या आत उरलेली पोती घेऊन दुसरी गाडी धावत आली.

तात्पर्य: कमी मिळालेलं जो गुपचूप पुरवून दाखवतो, तो कमी देणाऱ्याचंच माप खरं ठरवतो. कमी पडलं तर कमी पडलं म्हणा, आणि देणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणा.